धुलाईघराने न ऐकलेला सल्ला

बाईंचा धंदा सल्ला देण्याचा. लोक हा माल एरवी फुकट वाटतात आणि घेणारा कोणी सापडत नाही, पण बाईंना त्यासाठी मुद्दाम बोलावणं यायचं. लोकांसाठी झटणारी एखादी संस्था अडली, की कोणीतरी हळूच त्यांचा फोन नंबर काढून द्यायचं. संस्थापक ऐंशीला टेकले आणि खुर्ची सुटत नाही? बाईंना बोलवा. विश्वस्त एकमेकांची तोंडं पाहत नाहीत? बाईंना बोलवा. पाळणाघरं, वाचनालयं, अंधांच्या शाळा, वृद्धांचे निवारे, असं बत्तीस वर्षांत त्यांनी काय काय पालथं घातलं होतं. जायचं, महिना दोन महिने सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, अहवाल लिहून द्यायचा आणि पुढच्या ठिकाणी निघायचं. त्यांचे यजमान भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणायचे, "तू संस्थांची सुईण आहेस. बाळ रडलं की तुझं काम संपलं. पुढे ते रात्रभर कोणाला जागवतं, त्याच्याशी तुला देणंघेणं नाही."

बाई हसायच्या. पण हे बोलणं त्यांना थोडं लागायचंही.

एका सोमवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे एक खणखणीत म्हातारा आवाज होता. "मी धुलाईघरातून बोलतोय. निवृत्त पोस्टमन. आमच्याकडे जरा काम होतं तुमचं."

"कोणतं धुलाईघर?" असं त्यांनी विचारलं खरं, पण त्यांना ते विचारायच्या आधीच कळलं होतं.

तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या आणि एका मोठ्या सल्लागाराच्या हाताखालून नुकत्या सुटल्या होत्या. त्यांचं स्वतंत्रपणे केलेलं पहिलं काम म्हणजे हे धुलाईघर. दाट वस्तीतली लहान लहान घरं, नळाला पाण्याची बारीक धार, आणि सगळ्यांनी मिळून चालवलेली एक खोली; तिच्यात सहा वॉशिंग मशीन. एक मोठी संस्था त्यांना मदत द्यायची. ही मदत चालू ठेवावी की नाही, एवढं बाईंनी बघून सांगायचं होतं.

बाई हातात घड्याळ घेऊन चार दिवस कोपऱ्यात उभ्या राहिल्या. आणि त्यांना शोध लागला, की मशीनला लागतात पन्नास मिनिटं, पण माणसं बसतात अडीच अडीच तास! बसून करतात काय, तर गप्पा. मग त्यांनी बासष्ट पानांचा अहवाल लिहिला. शेवटच्या पानावर निर्वाळा दिला: वेळेचा अपव्यय होत आहे, धुलाईघर बंद करावं आणि त्या जागेत प्रशिक्षणाचे वर्ग काढावेत. अहवाल इतका नीटनेटका झाला होता, की बाईंनी घरी यजमानांना तो मोठ्याने वाचून दाखवला होता.

चार महिन्यांनी कुठूनतरी कानावर आलं, की त्या मोठ्या संस्थेने मदत थांबवली. पुढे काय झालं, हे बाईंनी कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही. वर्षं गेली, अनुभव वाढला, आणि आपण तेव्हा काय करून बसलो हे त्यांना हळूहळू उमजत गेलं. आपल्या कामांच्या यादीतून त्यांनी ती एक ओळ गुपचूप काढून टाकली. बाकी यादी लांबलचक होती. एक ओळ गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"नाही म्हणून सांग," यजमान म्हणाले. "तुझी तब्येत, माझी तब्येत. कोणाची तरी सांग."

"त्यांना माहीतच नसेल, मी कोण ते."

"मग जा की."

"आणि माहीत असेल तर?"

"मग तर गेलंच पाहिजे," यजमानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. विषय संपला.

बुधवारी दहा वाजता बाई त्या रस्त्यावर उतरल्या. मनात त्यांनी एक बंद दार, गंजलेली कडी आणि धूळ धरलेली काच अशी तयारी ठेवली होती. पण वळणावरच घरघर ऐकू आली. मधमाश्यांचं मोहोळ असावं तशी. दार सताड उघडं, आत साबणाचा उबदार वास आणि दोन रांगांत अकरा मशीन! दोन दणकट पुरुष एका भल्यामोठ्या चादरीची दोन टोकं धरून रस्सीखेच खेळल्यासारखी ती ताणत होते. खिडकीशी एक नर्स कोणाच्या तरी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघत होती. चष्मा कपाळावर चढवलेले एक म्हातारे गृहस्थ एका बाईचा सरकारी अर्ज भरत होते, आणि अर्जातल्या प्रश्नांना मधूनमधून शिव्याही घालत होते. फोनवरचा आवाज हाच.

आणि मधोमध, उंच स्टुलावर, मावशी. ही सगळ्यांची मावशी. धुलाईघर तिनेच सुरू केलं होतं. तेव्हा केस काळे होते, आता कापसासारखे झाले होते, एवढाच काय तो फरक.

"आलीस? ये," मावशीने हाक मारली. "तो तिसरा ड्रायर रिकामा करायला हात लाव आधी. मग बोलू."

बाईंनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि गरमगरम टॉवेल टोपलीत भरले. मनात शब्दांची जुळवाजुळव चालू होती. टोपली भरली तशा त्या मावशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कामाचं बोलण्याआधी मला एक सांगायचंय. तेवीस वर्षांपूर्वी..."

"घड्याळवाली," मावशी म्हणाली. "चार दिवस कोपऱ्यात उभी होतीस. पाणी विचारलं तर नको म्हणालीस. ठाऊक आहे आम्हाला."

"मग... तरी मला बोलावलंत?"

"तरी नाही. म्हणून. पोस्टमन, काढा ते."

पोस्टमनकाकांनी अर्ज बाजूला सारला आणि कपाटातून एक जाडजूड बाड काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या, मधली पानं हाताळून हाताळून मऊ झालेली. बाईंचाच अहवाल. त्यांनी एकेचाळिसावं पान उघडलं आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचायला सुरुवात केली. "'सकाळी अकरा दहा ते अकरा चाळीस: निळ्या स्वेटरमधील स्त्रीने शेजारणीकडून पत्र वाचून घेतले. अकरा चाळीस ते बारा: त्याच स्त्रीने दुसऱ्या एकीकडून कामाचा पत्ता मिळवला. बारा ते बारा वीस: तिसऱ्या स्त्रीने तिचे मूल सांभाळले, ती पत्त्यावर जाऊन आली.' अशी एकोणीस पानं आहेत, बाई. एकही गोष्ट सोडली नाहीत तुम्ही."

"ते मी वेळ वाया जातो याचा पुरावा म्हणून..." बाई पुटपुटल्या.

"हो ना!" मावशी म्हणाली. "मदत बंद झाली तेव्हा यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्ही ऐकतोय आणि एकमेकींकडे बघतोय. अगं, आपण एवढं सगळं करतो? आम्हाला वाटायचं, आपण कपडे धुतो! मग तीच एकोणीस पानं घेऊन आम्ही नगरपालिकेत गेलो. बघा म्हटलं, तुमच्या चार कचेऱ्या मिळून जेवढं करत नाहीत तेवढं आमच्या एका खोलीत होतं. आणि हे आम्ही नाही सांगत, शिकलेल्या बाईने लिहून दिलंय. त्यांनी जागा दिली, मशीन दिली. तुझ्या अहवालाचं शेवटचं पान तेवढं फेकलं. बाकी सगळं कामाला आलं."

बाई त्या टॉवेलच्या टोपलीवरच बसल्या. आधी त्यांना रडू आलं, मग त्या रडण्यातच हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. नर्सने रक्तदाबाचं यंत्र उचलून त्यांच्याकडे बघत विचारलं, "यांचाही बघू का?" त्यावर सगळं धुलाईघर हसलं.

हसणं ओसरल्यावर मावशी जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पण मधले आठ महिने हाताने धुतलं आम्ही. बोटांची सालं निघाली. तेव्हा तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू? आता नाही."

"मी तेव्हा यायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"हवं होतं," मावशी म्हणाली. "आता आलीस. चल, काम ऐक."

काम सरळ होतं आणि अवघडही. मावशीचे गुडघे थकले होते. तिला धाकट्या बहिणीकडे जाऊन राहायचं होतं. तिथे काय करणार, असं कोणी विचारलं की म्हणायची, "काहीच नाही. मनापासून काहीच नाही." तिच्या जागी कोणाला बसवायचं, हे बाईंनी सांगायचं होतं. त्यात पलीकडच्या वस्तीतले लोक मागे लागले होते, की आम्हालाही असं धुलाईघर उभारून द्या. म्हणजे नुसती खुर्ची भरून भागणार नव्हतं. दोन्हीकडे धावपळ करणारं माणूस हवं होतं.

बाईंनी सहा आठवडे मागून घेतले. या वेळी घड्याळ घरी ठेवलं. रोज सकाळी यायचं, घड्या घालायच्या, फरशी पुसायची, आणि हात चालू ठेवून बोलायचं. बत्तीस वर्षांत त्यांनी खुर्चीत बसून हजारो मुलाखती घेतल्या होत्या. ओल्या कपड्यांचा पिळा धरून माणूस किती खरं बोलतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

नावं तीन पुढे आली. तिघांनीही अंग काढून घेतलं. पोस्टमनकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. "मी आता कोणाला पुढची तारीख देत नाही," म्हणाले. नर्सची हॉस्पिटलातली पाळी दर आठवड्याला बदलायची. राहिला मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. पंचेचाळिशीचा हा माणूस अकराच्या अकरा मशीन नुसत्या आवाजावरून ओळखायचा. कुठल्या घरात कोण आजारी आहे हेही त्याला कपड्यांवरून कळायचं, आणि कोणाला न सांगता तो त्यांची टोपली पुढे सरकवायचा. पण तो बोलताना अडखळायचा. मशीनखाली आडवा पडून त्याने बाईंना सांगून टाकलं, "म-मी मशीनशी बोलतो. माणसांशी तु-तुम्ही बोला." बाई त्याच्यासाठी दिवा धरून उभ्या होत्या. दिवा हलला, तसा तो म्हणाला, "स-सरळ धरा."

एक दिवस नर्स सहज म्हणून गेली, "तुम्हीच का नाही बसत मावशीच्या जागी?" बाईंच्या हातातली उशीची खोळ खाली पडली. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बारा पानांचा अहवाल लिहून काढला. त्यात ठळक अक्षरांत वाक्य होतं: बाहेरच्या व्यक्तीला प्रमुख नेमू नये, सल्लागाराला तर मुळीच नाही.

शनिवारी दुपारी सभा भरली. तासाभरासाठी मशीन थांबवली होती, त्यामुळे सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. सत्तर-ऐंशी माणसं दाटीवाटीने बसली होती, काही टोपल्यांवर, काही मशीनवर. बाईंनी अहवाल वाचला. वर्षभर थांबावं, आतल्याच माणसाला तयार करावं, तोवर मावशीने आठवड्यातून दोन दिवस यावं, वगैरे. वाचून झालं. मावशी तर गुडघे चोळत छताकडे बघत होती.

मग मागच्या बाजूला मिस्त्री उभा राहिला. तो सभेत उभा राहिलेला कोणी कधी पाहिला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

"ब-बाई," तो म्हणाला आणि अडकला. सगळे थांबले. "बाई सहा आठवडे रोज आल्या. च-चूक केली होती ती तोंडावर कबूल केली. मी म्हणतो, त्यांनी बसावं. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत त्यांनी मला माणसांशी ब-बोलायला शिकवायचं." त्याने दम घेतला. "मग मी."

"मग काय?" पोस्टमनकाकांनी कानाला हात लावला.

"मग मी!" मिस्त्री ओरडला, आणि स्वतःच दचकून खाली बसला.

काय गलका झाला! नर्सने टाळ्या वाजवल्या, कोणीतरी रिकाम्या मशीनच्या ड्रमवर ताल धरला. पोस्टमनकाकांनी त्यातल्या त्यात कायदा पाळत मतदान पुकारलं. सगळे हात वर. एक गृहस्थ एका हातात ओला टॉवेल धरून बसले होते, त्यांनी टॉवेलसकट हात वर केला आणि शेजारणीच्या डोक्यावर पाणी गळलं.

"अहो, मी लेखी नको म्हटलंय!" बाई कळवळून म्हणाल्या.

"तुझं लेखी आम्ही आधीही वाचलंय," मावशी म्हणाली आणि स्टुलावरून उतरली.

बाई घरी पोचल्या त्या भेदरूनच. यजमान खिडकीत कुंड्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आता चुकलीस, तर अहवाल देऊन पुढच्या ठिकाणी पळायची सोय नाही."

"नाही ना! रोज तिथेच जायचं. तीच माणसं, तीच तोंडं."

"घाबरलीस?"

"खूप."

"आणि?"

बाईंचा चेहरा हळूहळू उजळला. "आणि कधी एकदा सोमवार येतो असं झालंय मला," त्या म्हणाल्या.

पहिल्याच महिन्यात त्यांनी कानाला खडा लावावा असं बरंच घडलं. त्यांनी भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावलं; लोकांनी त्याच्या खिळ्याला पिशव्या अडकवल्या. ड्रायरवरून दोन शेजारणी हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा बाई मध्ये पडल्या आणि परस्पर सामंजस्यावर एक सुंदर भाषण केलं. दोघी एक झाल्या आणि बाईंवरच तुटून पडल्या. नर्स म्हणाली, "भांडू द्यायचं असतं हो. ड्रायर थांबला की त्याही थांबतात." खरंच थांबल्या. बाईंनी वहीत लिहून घेतलं. तीस वर्षं लोकांना नेतृत्व शिकवलेल्या बाई आता रोज नवीन काहीतरी लिहून घेत होत्या, आणि रोज रात्री जेवताना यजमानांना हसत हसत सांगत होत्या, की आज मी कुठे आपटले.

मिस्त्रीची शिकवणीही चालू होती. बाईंनी त्याचं अडखळणं घालवायचा प्रयत्न केला नाही. तो अडखळत असताना लोकांनी थांबायचं, एवढंच त्यांना साधायचं होतं. आधी मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांना त्याने फोन करायचे. मग पलीकडच्या वस्तीतल्या लोकांशी बोलायचं. तिथे एक बंद पडलेलं गॅरेज मिळालं होतं. भिंती धुऊन, खड्डे बुजवून लोकांनीच ते उभं केलं. अडलं फक्त पाणी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मिस्त्री आणि बाई पाच वेळा जाऊन आले. सहाव्या खेपेला मिस्त्रीने हट्टाने सांगितलं, की आज बाईंनी तोंड उघडायचं नाही.

साहेब घाईत होते. मिस्त्री अडला, की ते त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचे आणि दर वेळी चुकीचं. "आम्हाला ज-जाड..." "जादा मुदत हवी, कळलं." बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. जीभ चावून बसल्या. चौथ्या वेळी मिस्त्रीने तळहात टेबलावर ठेवला. "थ-थांबा साहेब. वाक्य माझं आहे."

साहेब थांबले. मिस्त्रीने नकाशा उलगडला आणि कुठली पाइपलाइन कुठून जाते, कुठे दाब पडतो, जाड नळ कुठे जोडला तर वस्तीतल्या कोणाचंच पाणी तुटणार नाही, हे वीस मिनिटं सांगितलं. साहेब शेवटी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला येऊन बसले. "हे आमच्या माणसांना का नाही सुचलं?" म्हणाले. बाहेर पडल्यावर मिस्त्री जिन्यात मटकन बसला आणि म्हणाला, "ग-गुडघे गेले. मावशीसारखे." मग दोघंही पोट धरून हसले. महिन्याभरात पाणी आलं.

दुसरं धुलाईघर बाविसाव्या महिन्यात सुरू झालं. मावशी बहिणीला घेऊन आली, खुर्चीत बसली, सगळ्यांना नावं ठेवली आणि पोटभर कौतुकही केलं. चोविसाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला बाईंनी किल्ल्यांचा जुडगा मिस्त्रीच्या हातात दिला. समारंभ करायचं ठरलं होतं, पण त्याच वेळी सात नंबरचं मशीन गळायला लागलं आणि सगळे फडकी घेऊन धावले.

फरशी पुसून होते न होते, तोच एक काकू तणतणत आल्या. तिकडे नव्या धुलाईघरात लोकांना लगेच नंबर मिळतो, आम्ही जुने काय मेलो, अशी त्यांची तक्रार होती. मिस्त्रीने सवयीने बाईंकडे पाहिलं. बाईंना उत्तर येत होतं. जिभेवर होतं. त्यांनी कोट उचलला आणि सरळ बाहेर रस्त्यावर आल्या.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. समोर किल्ल्या बनवणाऱ्याने फूटपाथवर दुकान मांडलं होतं. उघड्या दारातून मिस्त्रीचा आवाज येत होता. थांबत, अडखळत, पण शांत. तो त्या काकूंना सांगत होता, की उद्या तुम्हीच तिकडे जाऊन दिवसभर नंबर लावा, आणि काय अडतं ते मला येऊन सांगा. बाईंनी हे कधीच केलं नसतं. त्यांनी समजूत घातली असती. तणतणणारा आवाज म्हणाला, "बरं. पण डबा घेऊन जाईन. आणि तिकडे खुर्ची बरी आहे ना?"

बाईंना इतकं मोठ्याने हसू आलं, की किल्लीवाल्याने कानस थांबवून वर बघितलं.

"काय झालं हो बाई?"

"काही नाही. माझं काम संपलं."

"एवढ्या लवकर?" त्याने बाजूचा रिकामा डबा पालथा घातला आणि फडक्याने पुसला. "मग बसा की जरा."

बाई उन्हात पाय पसरून बसल्या.